दोन सालांमधली रेघ

एम.ए.ला आम्हाला माध्यम सिद्धांत नावाचा एक पेपर होता. हिंगोलीच्या कॉलेजात तो घेणारे आम्ही अकरा जण, आणि त्यातले बरेच जण हा विषय कशाशी खातात हे शेवटपर्यंत एकमेकांना विचारत होते. मला मात्र तो कळत होता. निदान मला तसं वाटत होतं, आणि त्या वाटण्यापायी मी एका दिवसात माझ्या बहिणीचा जीव टांगणीला लावला.

सर शिकवायचे ते साधारण असं. चित्र बनवणारा त्यात एक अर्थ भरतो. बघणारा तो आपल्या पद्धतीने काढून घेतो. कोणी भरलेला अर्थ जसाच्या तसा घेतो, कोणी थोडा घेतो थोडा सोडतो, कोणी मुद्दाम उलटा घेतो. मी हे वहीत तीन रंगांच्या पेनांनी लिहून ठेवलं होतं. त्या वर्षी निम्मे गुण प्रकल्पाला होते. जवळच्या माणसावर तीन मिनिटांचा म्युझिक व्हिडिओ करायचा आणि सोबत चार पानं लिहायची, की तुम्ही कोणती चिन्हं वापरली, का वापरली, आणि बघणाऱ्याने त्यातून काय घ्यावं अशी तुमची अपेक्षा आहे.

मी बाबांना निवडलं. बाबा आमच्या गावाहून, गोरेगावाहून, हिंगोलीला काळी-पिवळी जीप चालवतात, माझ्या जन्माच्या आधीपासून. दिसायला देखणे आहेत आणि कॅमेऱ्यासमोर लाजत नाहीत, एवढं कारण मला पुरेसं होतं. गाण्याची सोय वर्गातच झाली. आमच्यातला एक जण तांड्यावरून यायचा, त्याने रस्त्यावर एक गाणं बांधलं होतं. त्याच्या सुरुवातीला अर्धा मिनिट शब्दच नव्हते, नुसतं त्याच्या आईचं गुणगुणणं आणि मागे बासरी. ऐकून मला गलबलून आलं. हेच पाहिजे, असं मी त्याला तिथल्या तिथे सांगितलं.

माझा फोन पाण्यात पडल्यापासून त्याचा कॅमेरा धुरकट झाला होता, म्हणून शूटिंगला बाबांचा घेतला. तो नवा होता, पुण्यात कामाला असलेल्या दाजींनी आणलेला. बाबांना त्याची फिकीर नव्हती. अड्ड्यावर कोणाला जीप हवी असली तर लोक हाक मारतात, फोन करत नाहीत. आठवडाभर तो माझ्याकडेच राहिला.

मग मी कॉलेजच्या संगणकावर बसून सिद्धांत लावायला लागले. रंग काढून टाकले, कारण रंग काळ सांगतात आणि मला माणूस काळाच्या पलीकडचा दाखवायचा होता. गती निम्म्यावर आणली, कारण त्याने कष्टाला वजन येतं. बाबा स्टिअरिंगवरून हळूच वळून बघतात, किंचित हसतात, मग जीप धुरळ्यातून लांब लांब जाते आणि पडदा पांढरा होतो. प्रवास संपत नाही, असा त्याचा अर्थ मी चार पानांत लिहिला होता. पांढऱ्या पडद्यावर बाबांचं नाव, खाली ते गाडी चालवायला लागले ते साल, मग एक रेघ, मग चालू साल. आधी तिथे ‘आजवर’ असा शब्द होता. तो मला जाहिरातीतला वाटला, म्हणून काढला आणि आकडा टाकला.

हे वाचून आमच्या भागातला कोणीही कपाळावर हात मारेल. माणसाचं काळं-पांढरं चित्र मोबाइलवर कधी येतं, मागे बासरी कधी वाजते आणि नावाखाली दोन सालं कधी असतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी स्वतः असे कितीतरी स्टेटस बघून हात जोडले होते. साल कोणी मोजत नाही, रेघ सगळे वाचतात. पण व्हिडिओ करताना मी पुस्तकातून बघत होते आणि गावातून बघायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

त्या दिवशी बाबा सकाळीच भाडं घेऊन गेले. एका घरचा साखरपुडा होता, वाशिमच्या पलीकडे कुठल्याशा आडगावात. दुपारपर्यंत येतो म्हणाले. हळद शिजवायचे दिवस होते, आई त्या कामाला शेतात गेली होती. नऊच्या सुमारास मी व्हिडिओतला, बाबा वळतात तिथपासून नाव-सालांपर्यंतचा, चाळीस सेकंदांचा तुकडा स्टेटसला ठेवला. सोबत एक अक्षरही लिहिलं नाही. चित्राने स्वतः बोलावं, हेही सरांचंच.

लोकांनी हात जोडायला सुरुवात केली. पाच, सात, वीस. जे नातेवाईक माझ्या वाढदिवसालाही दोन शब्द लिहीत नाहीत, त्यांनीसुद्धा हात जोडले. मी खूश. दाद देऊन राहिलेत, असं मला वाटलं. लाज वाटते सांगायला, पण मी वही काढून त्यात टिपलंसुद्धा, की प्रेक्षक भावनिक पातळीवर जोडला जात आहे.

दहा वाजता एका मामीचा मेसेज आला. ‘कधी झालं गं. माती किती वाजता हाय. आमी निघून राहिलो.’

मी तो दोनदा वाचला. मग जोडलेले सगळे हात एकदम मला वेगळे दिसले. स्टेटस काढून टाकला. एकेकाला लिहायला घेतलं, बाबा ठीक आहेत, तो कॉलेजचा व्हिडिओ आहे. तेवढ्यात कळलं की एका चुलतभावाने तो तुकडा आधीच उचलून, वर फुलांची चौकट लावून, आमच्या भावकीच्या ग्रुपवर टाकला होता. खाली ‘भावपूर्ण’ने सुरू होणारी ती नेहमीची ओळ. त्याला फोन केला तर तो रडत होता. माझं ऐकून घेण्याआधीच म्हणाला, “तू आता घर सांभाळ. आमी हाओत.”

आमच्या दारात बायका जमायला लागल्या. मी जिला म्हणावं की काही झालेलं नाही, ती माझ्या डोक्यावरून हात फिरवायची. शेजारच्या काकूने मला जबरदस्तीने पाणी पाजलं आणि दुसरीला हळूच म्हणाली, “पोरीला धक्का बसला. मानूनच नाही राहिली.” चीड अशी आली की पेला भिरकावून द्यावा. पण भिरकावला असता तर तेही धक्क्यातच जमा झालं असतं.

मग बाबांचा फोन वाजला, तो माझ्याच हातात होता. नाव ताईचं होतं.

ताई आखाडा बाळापूरला दिली आहे. तिला तेव्हा आठवा लागला होता. एरवी सातव्यातच माहेरी आणलं असतं, पण डॉक्टरांनी त्या रस्त्याने आदळत आपटत न्यायची नाही असं बजावलं होतं. कारण दोन वर्षांपूर्वी तिचं एक लेकरू पाचव्या महिन्यात गेलं होतं. या वेळी घरातले सगळे तिच्याशी बोलतानाही आवाज खाली ठेवायचे.

मी फोन उचलला. ती म्हणाली, “बाबा?”

“मी हाय, ताई.”

“बाबाला दे.”

“बाबा भाडं घेऊन गेलेत. वाशिमकडं. येतीन दुपारपर्यंत.”

“मंग त्यांचा फोन तुझ्यापाशी काहून हाय?”

“शूटिंगसाठी घेतला होता मी. तो व्हिडिओ माझाच हाय, ताई. कॉलेजचं काम हाय ते. बाबा चांगले हायत.”

माझंच बोलणं माझ्या कानाला खोटं लागत होतं. मागे दारात कोणीतरी हुंदका दिला, तो तिला ऐकू गेला असणार.

“मामाच्या टायमाला बी तूच बोलली होती,” ताई म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. “मामा झोपलेत म्हणली होती.”

फोन बंद झाला. मी परत लावला, तिने उचलला नाही.

मामाचं असं झालं होतं. आमच्याकडे पोटुशी बाईला मयताची बातमी सांगत नाहीत. मयताच्या घरी नेत नाहीत, तोंड दाखवत नाहीत, कोणी गेलं तर तेरावं होईपर्यंत तिच्यापासून लपवून ठेवतात. पोटातल्याला बाधतं म्हणतात. आमचा मोठा मामा गेला तेव्हा ताईला पाचवा होता आणि मामाने तिला अंगाखांद्यावर खेळवलेली. ती रोज फोन करून विचारायची. घरातल्या मोठ्यांना तिच्याशी बोलताना रडू यायचं, म्हणून ते काम मला दिलं होतं. मी अकरा दिवस खोटं बोलले. मामा झोपलेत, मामा शेतात गेलेत, मामाचा फोन बिघडलाय. बाराव्या दिवशी तिला दुकानात कोणीतरी सांगितलं. त्याच आठवड्यात तिचं लेकरू गेलं. त्या बातमीनेच गेलं असं कोणी डॉक्टर म्हणाला नाही, पण ताईने ते मनाशी धरलं, आणि बातमीपेक्षा जास्त माझं खोटं बोलणं धरलं.

आता ती माझ्याकडून कोणतं वाक्य ऐकून विश्वास ठेवणार होती? बाबा ठीक आहेत, हेच तर बाबा गेल्यावरही मी तिला सांगितलं असतं, याच आवाजात. सरांच्या तीन प्रकारांत हा बघणारा कुठेच बसत नव्हता.

आणि मग मला जे वाटलं ते मी आजवर कोणाला बोललेले नाही. अड्ड्यावरचे दोन ड्रायव्हर दारात आले. त्यातला एक बायकांना सांगत होता, “वाशिम रोडला पलटी झाली म्हणतेत. समोरून ट्रक आला म्हणतेत.” मी त्याला विचारलं, कोण म्हणतं. तो म्हणाला, सगळेच म्हणून राहिलेत. मला माहीत होतं की हे सगळं माझ्या चाळीस सेकंदांतून निघालेलं आहे. तरी ट्रक ऐकला आणि मनात आलंच. यांना खरंच काही कळलेलं असलं तर? बाबांना फोन लावून बघायची सोय नव्हती, त्यांचा फोन माझ्या मुठीत होता. ज्यांच्या घरचा साखरपुडा होता त्यांचा नंबर कोणाकडे नव्हता. बाबा त्या क्षणी जिवंत आहेत असं छातीठोकपणे सांगू शकेल असा एकही माणूस गावात नव्हता, आणि त्यात मीही आले. मी आत जाऊन दार लावून घेतलं आणि तो तुकडा पुन्हा पाहिला. बाबा वळले, हसले, धुरळ्यात गेले. या वेळी मला त्यात दुसरा कुठलाच अर्थ दिसेना.

आई शेतातून धावत आली. तिला बांधावरच कोणीतरी सांगितलं होतं. हात कोपरापर्यंत हळदीने पिवळे, पायात चप्पल नाही. बायकांना बाजूला सारून तिने मला विचारलं, “कुठं पलटी झाली?”

मी सगळं सांगितलं, व्हिडिओ, स्टेटस, रेघ. ती मला मारेल असं वाटलं होतं, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, “लेकीला कळलं का?”

“व्हय.”

आई भिंतीला टेकून खाली बसली. जमलेल्या बायकांना ते पुरेसं होतं. रडण्याचा आवाज दुप्पट झाला.

मी ताईच्या सासूला फोन लावला. त्या पहिल्या रिंगला उचलून कुजबुजतच बोलल्या. “तिला आमी काई सांगितलं न्हाई. फोन बी काढून घेतला. तुमी इकडची काळजी करू नका, तिकडचं उरकून घ्या.”

“मावशी, काईच झालेलं न्हाई. बाबा चांगले हायत. तिला सांगा.”

“व्हय व्हय, तसंच सांगते मी तिला.”

“तसं न्हाई, मावशी. खरंच चांगले हायत.”

“कळलं मला, माय,” त्या मायेने म्हणाल्या. “मी बराबर सांगते. तू रडू नको.”

म्हणजे त्या घरात काय चाललं होतं बघा. सासूला वाटत होतं की सुनेला माहीत नाही. सुनेला सगळं माहीत होतं, पण ती गप्प होती. दोघी एकमेकींसमोर बसून चहा पीत असतील, आणि मी इथून जे काही खरं सांगेन ते खोटं म्हणूनच पोचणार होतं. मी बाळापूरला निघायचं ठरवलं आणि उंबऱ्यात थांबले. एकटी जाऊन काय दाखवणार होते तिला?

बाबा पावणेदोनला आले. गल्लीच्या तोंडाशी जीपचा आवाज आला तेव्हा मला तो ओळखू आला, पण मी हलले नाही. भास होईल अशी भीती वाटली. जीप थांबली. बाबा उतरले, दारातली गर्दी बघितली आणि तिथेच दरवाजा धरून उभे राहिले. बायका एकदम गप्प झाल्या. एका म्हातारीला मात्र रडं आवरेना, ती तशीच रडत राहिली. बाबांनी आईला शोधलं, मग मला. आम्ही दोघी दिसल्यावर त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

“ताई?” ते म्हणाले. “ताई गेली?”

“न्हाई बाबा,” मी म्हणाले. “तुमी.”

जीपचं चाक पंक्चर झालं होतं म्हणून उशीर झाला, हे त्यांनी मला चार दिवसांनी सांगितलं. त्या वेळी आई उठली, त्यांच्या दंडाला पिवळ्या हातांनी चाचपलं आणि म्हणाली, “गाडी वळवा.”

जीपमधून मी ताईच्या सासूला व्हिडिओ कॉल लावत होते, ताईच्या काढून घेतलेल्या फोनवरही लावत होते. कोणी उचलत नव्हतं. सेनगावच्या पुढे गेल्यावर मावशींचाच फोन आला. आता त्या कुजबुजत नव्हत्या. ताईला कळा सुरू झाल्या होत्या. सकाळपासून ती भिंतीकडे बघत बसली होती, रडली नाही, जेवली नाही, कोणाला एक शब्द बोलली नाही. बाळापूरच्या डॉक्टरांनी हात टेकले आणि हिंगोलीला न्या म्हणाले. त्या गाडीत होत्या, मागे ताईचं कण्हणं ऐकू येत होतं. मी ओरडून सांगितलं, बाबा इथे आहेत, गाडी चालवत आहेत, फोन तिच्या कानाला लावा. फोन कट झाला. जीप बाबांनी अशी कधी चालवलेली मी पाहिली नव्हती, आणि प्रत्येक वळणावर मला तो न आलेला ट्रक दिसत होता.

दवाखान्यात पोचलो तर ताईला आत घेतलं होतं. आत फक्त एक बाई सोबत थांबू शकते, पुरुषाला मज्जाव. बाबा कॉरिडॉरच्या जाळीपाशीच अडले. आईचे हात अजून हळदीने माखलेले होते, म्हणून मी आत गेले. मला पाहिल्यावर ताईने तोंड फिरवलं.

“बाबा आलेत, ताई. भाईर उभे हायत.”

नर्सनेही सांगितलं, वडील आलेत बाहेर. ताईने नर्सकडे नुसतं बघितलं. हिलाही शिकवून ठेवलंय, असं ते बघणं होतं. नर्स मला बाजूला घेऊन म्हणाली, पेशंट जोर लावत नाहीये, बाळाचे ठोके खाली येत आहेत, तिला बोलतं करा. मी जाळीपर्यंत धावत गेले आणि बाबांना म्हणाले, “आवाज द्या. काईबी बोला, पण मोठ्यानं.”

बाबा जाळीला तोंड लावून उभे राहिले. ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. लेकीला अशा वेळी काय म्हणायचं हे त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं. मग एकदम त्यांनी अड्ड्यावर देतात तशी आरोळी ठोकली. “सेनगाव, सेनगाव, गोरेगाव! चला गोरेगाव!” सगळा कॉरिडॉर वळून बघायला लागला. कोणीतरी ओरडलं, गप्प बसा, दवाखाना आहे हा. बाबांनी ऐकलं नाही. त्यांनी पुन्हा तीच आरोळी दिली, मग तिसऱ्यांदा.

मी परत आत आले तेव्हा ताई रडत होती. सकाळपासूनचं सगळं एकदम बाहेर येत होतं. बाकी सगळं शिकवून ठेवता येतं, पण बाबांच्या आवाजातली ही आरोळी कोण शिकवून ठेवणार? तिने माझा हात धरला तो इतका घट्ट, की दुसऱ्या दिवशी मनगटावर वळ होता.

पोरगी झाली. दिवस भरलेले नव्हते, वजन कमी. रडली, पण बारीक, आणि ताईला दाखवायच्या आतच तिला काचेच्या पेटीत ठेवायला नेलं. ताईला उठायची मनाई होती. ती आईला विचारायची, लेकरू कसं आहे. आई म्हणायची, चांगलं हाय. सासूही म्हणायच्या, चांगलं हाय. नर्स आली, तीही तेच म्हणाली. प्रत्येक ‘चांगलं हाय’नंतर ताईचा चेहरा आणखी उतरत होता.

मला वाटलं, आता तरी माझा उपयोग होईल. मी पेटीपाशी गेले आणि बाबांच्या फोनवर पोरीचा व्हिडिओ काढला. रंग होते तसे ठेवले. गाणं नाही, नाव नाही, काही नाही. मागे यंत्राची टिकटिक, पोरगी पाय झाडत होती आणि मूठ तोंडात घालायला बघत होती. धावत जाऊन ताईच्या हातात फोन दिला. तिने तो डोळ्यांशी नेऊन पाहिला, संपल्यावर परत पहिल्यापासून पाहिला.

“हे कधीचं हाय?” तिने विचारलं.

“आत्ताचं, ताई. आत्ता काढलं.”

तिने मान हलवली आणि फोन मला परत दिला. “बाबाला पाठव पेटीपाशी,” ती म्हणाली. “ते बघून येऊन सांगतीन.”

प्रकल्प मी दिला. आधीची चार पानं फाडून टाकली आणि जे झालं ते लिहिलं, थोडक्यात. सरांनी वर्गात ते वाचून दाखवलं आणि हे अर्थग्रहणाचं फार सुंदर उदाहरण आहे असं म्हणाले. सुंदर या शब्दाचा मला इतका राग आला की मी उठून बाहेर गेले. चांगले गुण पडले. तो व्हिडिओ मी कुठे ठेवलेला नाही, पण भावकीच्या ग्रुपवर अजून असेल.

पोरगी आता शाळेत जाते आणि घर डोक्यावर घेते. ताई माझ्याशी चांगली बोलते, थट्टा करते, साड्या मागते. सगळं बरं आहे. पण मी फोन केला किंवा तिने केला, आणि बाबांचा विषय निघाला, की ती मधेच म्हणते, “बाबाला दे.” मी देते. ती त्यांचा आवाज ऐकते आणि मग पुढचं बोलते.

परवा बाबा अंघोळीला गेले होते, तेव्हा तिचा फोन आला. बाबाला दे म्हणाली. मी म्हटलं, “अंघोळ करून राहिलेत.” पलीकडे एकदम सगळं शांत. मी फोन घेऊन न्हाणीपर्यंत गेले आणि दार वाजवलं. “बाबा, ताई हाय.” आत पाणी पडायचा आवाज येत नव्हता. मी पुन्हा दार वाजवलं. फोन दाराला लावून धरला होता. मग आतून बाबा म्हणाले, “अगं साबण हाय डोळ्यात, काय झालं?” ताई हसली आणि भाजी करपेल म्हणून तिने फोन ठेवला. मी तिथेच दाराला टेकून खाली बसले.